भाभीच्या म्हशीला डांबर लागलं तेव्हा

अंगाला डांबर चिकटलं तर आधी साबण हातात घेऊ नका. रॉकेल तर मुळीच नको. वाटीत थोडं खायचं तेल घ्या, कोणतंही, फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, असो की जवसाचं. ते चोळा आणि जरा थांबा. डांबर आपणहून सुटायला लागतं. मग कापसानं पुसा, त्यावर बेसन चोळा आणि मग काय आंघोळ करायची ती करा.

हे मी नातीला फोनवर सांगितलं. ती कॉलेजच्या सहलीसोबत कोकणात गेली होती, समुद्र पाहायला. संध्याकाळी तिचा फोन आला, रडकुंडीला आलेली. वाळूवर काळे काळे गोळे पडले होते, हिचं लक्ष लाटांकडे, दोन्ही तळपाय भरले. साबणानं निघेना, आणि हॉटेलवाला म्हणे, चादरी खराब होतील, बाहेरच बस. तिथल्या माणसांनी सांगितलं की पावसाळ्याच्या तोंडावर समुद्र असं डांबर बाहेर टाकतोच, जहाजांचं तेल असतं ते. मी उपाय सांगितला. थोड्या वेळानं पुन्हा फोन.

"निघालं, आजी! पण तू तं समुद्र कधी पाह्यलाच नाही. तुले कसं ठाऊक?"

खरं आहे. समुद्र मी पाहिला नाही. पण डांबरानं भरलेली वाळू पाहिली आहे, आणि ती इथे, यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीकडच्या आमच्या गावी, आमच्याच नदीत.

कापसाचे ते वाईट दिवस होते. सरकारी खरेदीला कापूस घेऊन गेलेल्या गाड्या भरल्याच्या भरल्या परत यायच्या. घराघरांत पुढच्या खोलीत कापसाचा ढीग आढ्यापर्यंत, आणि माणसं झोपायला अंगणात. कोणाकडे पाहुणा आला की आधी कापूस सरकवायचा, मग त्याला बसवायचं. गावाच्या वरच्या अंगाला नाल्याकाठी कापसातली सरकी काढायची एक जिनिंग होती आणि तिला लागून सरकीचं तेल काढायचा कारखाना. दोन्ही बंद पडले. मालक दूरच्या शहरात निघून गेला, मागे राहिला एक म्हातारा चौकीदार आणि बॉयलरला लागणाऱ्या काळ्या तेलाची एक टाकी. भलीमोठी, विटांच्या पायांवर उभी. ते तेल हिवाळ्यात काकवीसारखं घट्ट असे, आणि आमच्याकडचं उन्हाळ्याचं ऊन लागलं की पातळ होई.

नदी उन्हाळ्यात आटते. राहते ती वाळू आणि एक डोह. पण ती वाळू म्हणजे आमचं दुसरं अंगणच. सकाळी बायका वाळूत झिरे उकरून पाणी भरायच्या. हातभर खोल खड्डा केला की तळाला पाणी झिरपून येतं, गार आणि गोड. दिवसा तिथेच गोधड्या वाळायच्या. आणि दुपारी गावभरच्या म्हशी डोहात, नाकं तेवढी वर.

त्या म्हशींत एक मिस्त्रीच्या घरची होती.

मिस्त्री आमचे शेजारी, भिंतीला भिंत. मोटारपंप, ट्रॅक्टर, थ्रेशर, काय म्हणाल ते दुरुस्त करायचे. मुसलमानाचं घर, पण माझ्या घरात त्यांच्या चहाची साखर आणि त्यांच्या घरात माझ्या डाळीचं मीठ असं चालायचं. त्यांच्या बायकोला मी भाभी म्हणे, ती मला बाई. आमच्याशी ती आमच्यासारखीच वऱ्हाडी बोले, जीव घाबरला की मात्र हिंदीत जाई. कापूस गेला तसं मिस्त्रीचं कामही गेलं. मोटार जळाली तर माणसं म्हणायची, राहू द्या, पुढल्या साली पाहू. मग घर चालायचं ते भाभीच्या म्हशीवर. ही म्हैस तिच्या माहेरची, तिच्या आईनं पाठवलेली. मागच्या वेताला तिचं वगारू जगलं नव्हतं, आणि वगारू गेल्यावर म्हैस लवकरच आटली होती. आता पुन्हा गाभण होती, आज-उद्या व्यायला आलेली. भाभी दिवसातून दहांदा तिच्या पोटाला हात लावून पाही.

"बाई, हे वगारू जगलं तं माझं घर जगलं," ती मला म्हणे. आणि लगेच हसे, "आन् म्हैस अशी मिजासखोर, पाटलीणबाईवानी चालून राह्यली."

जेठ महिन्यातली दुपार. मी दारात गहू निवडत होते. गुराखी बुढा लांबूनच ओरडत आला.

"भाभीऽऽ! दार उघडा! पण तिच्या आंगाले हात लावू नका व माय!"

पारावर बसलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, "काहून बे बुढ्या, काय झालं?"

"म्हैस काळी झाली!"

"म्हैस काळीच असते न! तूनं काय नवीन आणलं?"

सगळे हसले. मग म्हैस वळणावरून पुढे आली आणि हसणं तिथंच राहिलं.

म्हशीचा काळा रंग वेगळा असतो, त्यात केस दिसतात, कातडीवर धूळ दिसते. हा काळा चकाकत होता. मानेपासून शेपटीपर्यंत एक जाड साय चढल्यासारखी. पोटाखालून ओघळ लोंबत होते, शेपटी दांडक्यासारखी ताठ, आणि तिच्यात माश्या अडकून मेलेल्या. कास पूर्ण भरलेली. म्हैस तोंड उघडून धापा टाकत होती.

गुराख्यानं सांगितलं ते असं. टाकीचा खालचा नळ कोणी भंगारासाठी काढून नेला असावा, नाहीतर गंजून गळून पडला असावा. तेल उतारानं नाल्यात आणि नाल्यातून डोहात आलं. नाला जिथे डोहाला मिळतो तिथे चिखल मऊ, ती जागा भाभीच्या म्हशीची. बाकीच्या म्हशींचे पायच भरले, त्या भडकून बाहेर पळाल्या. ही पोटानं जड, हिला लवकर उठता आलं नाही. आणि डोहाबाहेरच्या वाळूवर तेल पसरून उन्हानं त्याचं डांबर झालं होतं. हिला त्यातूनच यावं लागलं.

भाभी दारात आली. म्हशीच्या पोटाखाली वाकून पाहिलं आणि मला म्हणाली, "बाई, कास देखो. बच्चा पियेगा क्या इसमें से?"

तेवढ्यात म्हशीनं मान वळवली आणि कुशीवरचं डांबर चाटायला जीभ काढली. मी धावत घरात गेले आणि मळणीच्या वेळी बैलांच्या तोंडाला बांधतात ते दोरीचं मुसकं आणलं. भाभीनं ते म्हशीला घातलं. आमचे हे सायकल काढून ढोरांच्या डॉक्टरकडे घाटंजीला निघाले.

मिस्त्री तोवर घरात गेले होते. बाहेर आले ते रॉकेलचा डबा आणि चिंध्या घेऊन. माणूस घाबरला की त्याचे हात रोजचंच काम करतात. इंजन उघडलं की त्याचा एकेक भाग ते रॉकेलच्या ताटलीत धुवायचे, कितीही जुना काळा थर असो, निघायचाच. त्यांनी चिंधी बुडवली आणि म्हशीची एक कूस घासायला घेतली. डांबर निघतही होतं, खोटं कशाला सांगू. आम्हाला वाटलं, झालं काम. आणि मग म्हैस थरथरली. अशी उडाली की खुंटा उपटून आला, मिस्त्री मागे पडले, डबा लवंडला. उन्हानं तापलेली कातडी, त्यावर रॉकेल. घासलेल्या जागी कातडी लालभडक झाली होती, फोड येतात तशी.

भाभी तेव्हा ओरडली.

"अजी, इंजनाले चामडी नसते! हिले आहे!"

मिस्त्री जमिनीवर बसूनच होते. स्वतःच्या हातांकडे पाहत. त्यांनी पुन्हा म्हशीकडे पाऊल टाकलं तर म्हैस त्यांच्या वासानंच फुसकारून मागे सरली. मग ते भिंतीपाशी जाऊन उभे राहिले.

आता यात माझ्या सासूबाई आल्या. त्या वयानं वाकल्या होत्या, पण आवाज शाबूत. गल्लीला त्यांचा धाक होता. काठी टेकत त्या मिस्त्रीच्या अंगणात शिरल्या, म्हशीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांद शेकता, तेव्हा कोण रॉकेल लावते रे?"

आमच्या भागात पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाची खांद शेकतात. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा निबर होतो, त्यावर वंगणाचे नि घामाचे थर बसतात. मग हळद घातलेलं कोमट तेल किंवा तूप पळसाच्या पानांनी खांद्याला लावायचं, हळूहळू शेकायचं, थर फुगून सुटतात. हे काम बैलाचं, पोळ्याचं, आणि पुरुषांच्या हातचं. जेठात, म्हशीला, मुसलमानाच्या अंगणात, बायकांनी खांद शेकायची, हे सासूबाईंना कसं सुचलं ते त्याच जाणे.

"आई, म्हशीची कोणी खांद शेकते काय?" मी म्हटलं.

"सगळ्या आंगाची शेकू. तेल आण."

माझ्याकडे जवसाचं तेल होतं. ते पुरणार किती? म्हशीचं अंग म्हणजे काय वाटीचं काम? सासूबाईंनी दारात उभं राहून गल्लीला हाक दिली. त्या दिवसांत तेल कोणाच्याही घरात मोकळं नव्हतं, भाजीला आम्ही फोडणी दाखवायचो फक्त. तरी बायका आल्या. कोणी गडव्यात आणलं, कोणी बुधलीत, कोणी देवाच्या समईतलं काढून आणलं. समोरच्या काकू एक डबी घेऊन आल्या आणि जरा संकोचून म्हणाल्या, "तळणाचं उरलं व्हतं. पण म्हशीले काय समजते?"

"म्हशीले नाई समजत," सासूबाई म्हणाल्या, "पण तुह्या घरी भजे झालते, ते आमाले आता समजलं."

त्या घाबऱ्या वेळेलाही सगळ्या हसल्या. भाभीसुद्धा.

तेल कोमट केलं. नेहमीसारखी हळदही टाकली, कारण भाजलेल्या कातडीला ती बरी. पळसाला नवीन पानं आलीच होती, हातापेक्षा मोठी. ती बुडवायची आणि डांबरावर ठेवून दाबायची. घासायचं नाही, दाबून धरायचं. पहिल्यांदा काही झालं नाही. मग पानाखाली काळं ओघळू लागलं. आता पुसायला कापड हवं, आणि कापड म्हणजे कोणाच्या अंगावरचं? पण कापूस, तो काय, ढिगानं होता. शेवटच्या वेचणीचा डागील कापूस, ज्याला आम्ही कवडी म्हणतो, तो तर कोणी फुकट विचारत नव्हतं. टोपलीनं आणला. कवडीचा बोळा फिरवला की तेल नि डांबर दोन्ही ओढून घ्यायचा.

"सरकारनं नाई घेतला, म्हशीनं घेतला," गुराखी बुढा म्हणाला.

आमचे हे परतले ते घामानं भिजून. सायकल टाकत टाकतच बोलू लागले, "डॉक्टर भेटले. उद्या येतो म्हणाले. चाटू देऊ नका, सावलीत ठेवा, आंग ओलं ठेवा, खायचं तेल लावा. आन् काही झालं तरी रॉकेल..." इथे त्यांना वास आला. त्यांनी भिंतीपाशी उभ्या मिस्त्रीकडे पाहिलं आणि बाकीचं वाक्य गिळलं.

"मंग मी काय सांगून राह्यली व्हती?" सासूबाई म्हणाल्या. डॉक्टरला एक माणूस तरी आपल्या मताचा मिळाला याचा त्यांना आनंद झाला असावा.

संध्याकाळपर्यंत पाठ आणि मान मोकळी झाली. भाभीनं कास कोणाला करू दिली नाही. खाली बसून, म्हशीच्या मांडीला डोकं टेकून, एकेक सड बोटानं तेल लावून साफ करत बसली. मध्येच म्हशीशी बोले, "बस, माय, बस. थोडा और." पण पोटाखालचं नि मांड्यांच्या आतलं डांबर जाड होतं. ते एका दिवसात निघणारं नव्हतं.

आणि खरी अडचण तर पुढे होती. म्हैस पाण्यावाचून आमचा उन्हाळा काढू शकत नाही. अंग ओलं ठेवा म्हणणं सोपं आहे, विहिरीत पाणी गुडघ्याइतकं. आम्ही धुण्याचं पाणी, डाळ-तांदूळ धुतल्याचं पाणी, सगळं तिच्या पाठीवर ओतायचो. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, तरुण होते, भाजल्याला मलम दिलं, एक सुई टोचली, पोटाला हात लावून म्हणाले, "वगारू हलतंय. पण ही अशी धापा टाकत राहिली तर व्यायची ताकद राहणार नाही. हिला डोहात बसवा."

डोहात! डोह तर काळा पडला होता.

तेव्हा मिस्त्री बोलले. "वयनी, आधी टाकी बंद करतो. मंग डोह पाहू." आणि निघाले. चौकीदार बिचारा फाटकातच रडवेला उभा होता. "मालक येत नाई, पगार येत नाई, मी काय हात लावू?" असं म्हणत होता. मिस्त्रीनं त्याला बाजूला केलं. बाभळीच्या लाकडाची खुंटी तासली, तिला गोणपाट गुंडाळलं, आणि गळत्या तेलात कोपरापर्यंत हात घालून ती भोकात ठोकली. गळणं थांबलं. तहसीलची माणसं नंतर येऊन पाहून गेली, मालकाला नोटीस गेली म्हणतात. त्याचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही, मला म्हशीचं ठाऊक आहे.

डोह साफ करायला गाव लोटलं. म्हशी सगळ्यांच्याच होत्या आणि झिरेही सगळ्यांचे. पहिल्या दिवशी आम्ही दुपारी गेलो आणि फजिती झाली. वाळूवरचं डांबर उन्हानं पातळ झालेलं, फावडं घातलं की फावड्याला चिकटे, पाय घातला की चप्पल तिथंच राही. एक जण तर दोन्ही चपला सोडून उड्या मारत किनाऱ्याला आला, जणू तव्यावरची मक्याची लाही. मला गुळाच्या काकवीची आठवण झाली. काकवी सांडली की लगेच पुसायला गेलं तर पसरते, गार होऊ दिली की सुरीनं उचलता येते. मी म्हटलं, पहाटे या. दुसऱ्या दिवशी उजाडताना गेलो, तर रात्रीच्या गारव्यानं डांबराची पापडी झालेली. कडेला बोट घातलं की भांड्याच्या तळची खरवड निघावी तशी सलग निघे. बायकांनी पापड्या उचलायच्या, पुरुषांनी बंडीत, म्हणजे बैलगाडीत, भरायच्या, आणि बंडी उलटायची ती कारखान्याच्या आवारात. ज्याचं त्याला परत. ऊन चढलं की काम बंद.

पाण्यावरच्या तेलासाठी पऱ्हाटी कामी आली. कापूस वेचून झाला की जी वाळकी झाडं शेतात उभी राहतात, ती पऱ्हाटी. तिच्या पेंढ्या बांधल्या, मधे मधे कवडी कापूस खोसला, पेंढीला पेंढी जोडून लांब दोर केला आणि दोन्ही काठांनी माणसं धरून तो पाण्यावरून ओढत आणू लागली. तेल कडेला गोळा होई, कापूस ते पिऊन टाके. कच्चा कापूस पाणी लवकर पीत नाही, तेल मात्र गटागट पितो, हे आम्ही तेव्हा पाहिलं.

सासूबाईंनी यात एक पराक्रम केला. तेल प्यालेला तो कापूस फेकायचा म्हणून त्यांचा जीव तुटला. टोपलीभर घरी आणला आणि चुलीत घातला, सरपण वाचेल म्हणून. असा धूर निघाला की शेजारी आग लागली समजून घागरी घेऊन धावले. घर काळं, भाकरी काळी, आणि सासूबाई दारात बसून खोकत म्हणतायत, "पण पेटलं कसं लवकर!" चार दिवस आमच्या घरच्या भाकरीला जिनिंगचा वास येत होता.

डोह पूर्वीसारखा झाला नाही. पण नाला मिळतो त्याच्या पलीकडच्या काठाचं पाणी मोकळं झालं, आणि तिथे भाभीच्या म्हशीला नेलं. ती वाळूच्या कडेला थबकली. पाणी हुंगलं, मागे फिरली. भाभी साडीसकट पाण्यात उतरली, कमरेइतकी, आणि पाणी हातांनी उडवत तिला बोलावू लागली. म्हैस बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच एक पाय, मग दुसरा. बसली तेव्हा तिनं असा सुस्कारा सोडला की काठावरच्या आम्हालाही ऐकू आला. भाभी तिच्या पाठीवर पाणी घालत राहिली, आणि मिस्त्री? ते काठावरही आले नव्हते. दूर बाभळीखाली उभे होते. त्यांचा वास आला तर म्हैस उठेल म्हणून.

ती व्याली त्यानंतर लवकरच, सकाळी, चहाच्या वेळेला. भाभीनं भिंतीवरून हाक दिली, "बाई, या!" मी गेले तोवर वगारू खाली आलं होतं. वगार होती, मादी. ओली, लटपटणारी, कानांची पानं झालेली. आणि आता एक पेच पडला, जो आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आला नव्हता. म्हशीच्या तोंडाला मुसकं होतं. चारा-पाण्यापुरतं आम्ही ते काढायचो, समोर बसायचो आणि पुन्हा घालायचो, कारण पोटाखाली अजून डांबराचे पट्टे होते. पण म्हैस वगारूला चाटते तेव्हा ते तिचं होतं. चाटू दिलं नाही तर ती त्याला जवळ करत नाही, लाथेनं उडवते. मुसकं काढावं तर ती स्वतःचंही अंग चाटेल, व्यालेल्या अंगात ते विष जाईल. न काढावं तर वगारू परकं.

म्हैस मुसक्यातून हंबरत होती, जमिनीवर नाक घासत होती. सासूबाईंनाही काही सुचेना. "तुही म्हैस आहे, तू सांग," एवढंच त्या म्हणाल्या.

भाभी वगारीपाशी बसली होती. तिनं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उठली, मुसक्याची गाठ सोडली आणि वगारीला दोन्ही हातांनी उचलून म्हशीच्या तोंडापाशी धरली.

"ले, माय. इसको चाट. अपने को मत देख, इसको देख."

म्हशीनं हुंगलं. एकदा मान पोटाकडे वळवली. भाभीनं वगार आणखी पुढे केली, वगारीचा गाल म्हशीच्या नाकाला लागेल इतकी. आणि म्हशीची लांब, खरखरीत जीभ बाहेर आली आणि वगारीच्या डोळ्यावरून फिरली. मग कपाळावरून. मग ती थांबेचना. वगार प्रत्येक चाटण्यासरशी पडे आणि उठे.

कासेशी मात्र वेळ लागला. वगारीनं सड तोंडात घेतला आणि सोडला. तेलाचा, हळदीचा, मलमाचा वास. पुन्हा नेली, पुन्हा तिनं तोंड फिरवलं. भाभीनं चीक हातावर पिळला, बोटानं तिच्या जिभेला लावला, आणि तेच बोट सडाजवळ नेलं. वगार बोट चोखत चोखत गेली. भाभीनं बोट हळूच काढून घेतलं.

आता अंगणात फक्त चुटुचुटु आवाज.

बाहेर, फाटकापलीकडे, मिस्त्री उभे होते. त्या दिवसापासून ते शिकेकाईनं हात धुवायचे, सकाळ-संध्याकाळ, आणि तरी गोठ्याच्या जवळ जायचे नाहीत. त्यांनी मला हळूच विचारलं, "वयनी, पेली काय?"

"पेऊन राह्यली," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, पण जागचे हलले नाहीत. तेव्हा भाभी म्हशीच्या आडून म्हणाली, वळून न पाहता, "अजी, तिथं काय उभे राह्यले? मले हात मोकळा नाई. चरवी घेऊन या, चीक काढायचा आहे."

मिस्त्री चरवी घेऊन आत आले. म्हशीनं मान उचलली, त्यांच्याकडे पाहिलं, नाक फेंदारलं. ते तिथंच खिळले. मग तिनं पुन्हा मान खाली घातली आणि वगारीला चाटू लागली. मिस्त्री अगदी सावकाश, पाऊल न वाजवता, भाभीपाशी जाऊन बसले.